मायबाप सरकार की आपले सरकार?

(अमरावती येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

मला दिलेला विषय असा आहे : परकीय सत्तेतून मुक्त झालेले देश दुबळे का होतात, तिथे भ्रष्टाचार का माजतो आणि लोक आपसात का लढतात? हा विषय ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर सुदान येते, काँगो येते, पाकिस्तान येते. पण आज मी सुरुवात आपल्या वऱ्हाडापासून करणार आहे. दूरच्या देशाविषयी काहीही बोलता येते, ऐकणारा तपासायला जात नाही. अकोला आणि अमरावतीविषयी बोललो तर तुम्ही मला लगेच अडवू शकता. ते बरे आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, सगळे इंग्रजांनी केले. त्यांनी लुटले, फोडले आणि गेले. दुसरे म्हणजे, आपले लोकच असे आहेत, आपल्याला राज्य करता येत नाही. त्यात मुस्लीम देशांचा विषय निघाला की कुणीतरी हळूच धर्मावर बोट ठेवतो. पहिल्या उत्तरात आपली काहीच जबाबदारी राहत नाही. दुसऱ्यात काही बदलण्याची आशाच राहत नाही. अल्जीरियाचे विचारवंत मालिक बिन नबी यांनी या दोन्हींच्या मधली वाट दाखवली होती. परकीय सत्ता हा अन्याय आहेच, पण समाजाची एक अशी अवस्था असते की जिच्यामुळे ती सत्ता येते, टिकते आणि गेल्यावरही तिच्या सवयी मागे उरतात. आपल्याला त्या सवयी शोधायच्या आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याला जे सरकार वारशाने मिळाले ते वसुलीसाठी बांधलेले होते, उत्तर देण्यासाठी नव्हे. स्वातंत्र्यानंतर माणसे बदलली, मतदान आले, पण त्या यंत्राकडे पाहण्याची आपली नजर बदलली नाही. आपण त्याला एकतर मायबाप म्हणतो किंवा परके समजतो. दुबळेपणा, लाचखोरी आणि दंगल या तिन्ही गोष्टींची मुळे या नात्यात आहेत.

वऱ्हाड कसे चालवले गेले

१८५३ साली निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. लढाई हरल्यामुळे नव्हे, तर कर्जापायी. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिच्यावर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. तो पगार थकला, म्हणून वऱ्हाडचा महसूल लावून दिला. कागदावर मुलूख निजामाचाच राहिला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि १९०३ मध्ये कारभार मध्य प्रांताला जोडला. म्हणजे मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा, आणि कर भरणारा कास्तकार या दोघांच्याही हिशेबात केवळ एक आकडा. त्याला कुणी विचारले नाही.

याआधी फार चांगले चालले होते असे मी म्हणत नाही. निजामाच्या काळात महसुलाचे इजारे दिले जात. इजारदार सावकार आधी खजिन्यात रक्कम भरायचा आणि मग ती गावातून दामदुपटीने काढायचा. राज्यकर्ता मुसलमान होता म्हणून वऱ्हाडच्या मुसलमान विणकराला किंवा कुणब्याला त्यात सवलत नव्हती. इब्न खल्दूनने १३७७ साली पूर्ण केलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये हाच मुद्दा मांडला आहे. राज्य नवे असते तेव्हा कर कमी असतात आणि उत्पन्न भरपूर असते. राज्य म्हातारे झाले की कर वाढतात, लोकांची काम करण्याची उमेद जाते आणि उत्पन्न घटते. चौदाव्या शतकातल्या या माणसाला इंग्रज माहीत नव्हते, पण वसुलीवर जगणारे राज्य कसे खंगते हे त्याला माहीत होते.

आपल्या भाषेतही याचा पुरावा आहे. ‘महसूल’ आणि ‘तहसील’ हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूवरून आले. अर्थ : मिळवणे, गोळा करणे. तहसीलदार म्हणजे गोळा करणारा. इंग्रजांचा ‘कलेक्टर’ म्हणजेही तेच. वऱ्हाडात जिल्ह्याच्या प्रमुखाला डेप्युटी कमिशनर म्हणत, पण काम तेच. महसूल त्याच्याकडे, न्यायदंड त्याच्याकडे, पोलिसांवर देखरेखही त्याचीच.

मग कापूस आला. वऱ्हाडात कापूस जुनाच होता. पण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसू लागले. १८६७ पर्यंत मुंबईहून अकोला, बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढच्या वर्षी बडनेरा ते अमरावती फाटा झाला. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तोही देशात पहिलाच. आज आपण ज्याला कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतो तिची वंशावळ इथे जाते.

म्हणजे सरकार दुबळे होते का? कापसाच्या बाबतीत अजिबात नाही. रेल्वे, बाजार, वजनमाप, गाठीतली भेसळ रोखणे, सगळीकडे ते हजर होते. आता याच सरकारची दुसरी बाजू पाहा. १८९९–१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर आला. अभ्यासकांनी काढलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे १ लाख ४३ हजार माणसे भुकेने गेली, आणि त्याच काळात वऱ्हाडातून कापसाच्या गाठींबरोबर धान्यही बाहेर जात होते. रेल्वे होती, पण ती धान्य आत आणण्यापेक्षा माल बाहेर नेण्यासाठी होती. जिथे वसुली आहे तिथे सरकार बळकट, जिथे जबाबदारी आहे तिथे गैरहजर. एवढे ध्यानात ठेवा, पुढचे सगळे यावर उभे आहे.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले

बरेच बदलले, आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले. तसा दुष्काळ, तसे मृत्यू पुन्हा पाहावे लागले नाहीत. १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढणारे डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री झाले. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. गावातली मुले शाळेत गेली, त्यात आपल्या उर्दू शाळांचीही मुले होती.

पण यंत्राचा सांगाडा तोच राहिला. १८६० ची दंडसंहिता २०२४ पर्यंत चालली. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आजही आहे. निर्णय वर घ्यायचा, खाली कळवायचा, आणि फाईल दाखवायची नाही, ही पद्धत आपण जशीच्या तशी उचलली.

वऱ्हाडची सल तुम्हाला माहीत आहे. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, अकोला करार झाला. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. प्रत्यक्षात मंडळे आली १९९४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. दरम्यान १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातला अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला, त्यात विदर्भाचा वाटा साधारण ३९ टक्के होता. २०२० च्या एप्रिलमध्ये या मंडळांची मुदत संपली. करार, कलमे, समित्या आणि अहवाल यांची आपल्याकडे कमतरता नव्हती.

आता कुणी म्हणेल, सत्ता आपल्या माणसाच्या हाती नव्हती म्हणून असे झाले. पण वसंतराव नाईक पुसदचे. ते १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, अकरा वर्षांहून अधिक काळ. सुधाकरराव नाईकही पुसदचेच. अलीकडचे मुख्यमंत्री नागपूरचे आहेत. अनुशेष राहिलाच. आपला माणूस वर बसला की आपले काम होईल, हा हिशेब विदर्भाने करून पाहिला आहे. मुसलमान तरुणांनी यातून शिकण्यासारखे आहे, कारण आपल्याकडेही सगळी चर्चा ‘आपला आमदार किती, आपला नगरसेवक किती’ इथेच थांबते. प्रतिनिधित्व हवेच, ते हक्काचे आहे. पण वर बसलेला माणूस कोणाला उत्तर देतो, हा प्रश्न त्याच्या नावापेक्षा मोठा आहे.

दुबळेपणातून भ्रष्टाचार

नायजेरियाचे समाजशास्त्रज्ञ पीटर एके यांनी १९७५ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की वसाहतीतून आलेल्या समाजात माणूस दोन सार्वजनिक जगांत राहतो. एक त्याच्या जमातीचे, गावाचे जग. तिथे तो प्रामाणिक असतो, वर्गणी देतो, कुणाचे देणे बुडवत नाही. दुसरे सरकारचे जग. ते परक्याने उभे केलेले, म्हणून तिथून काही काढून आपल्या लोकांना दिले तर त्याला पाप वाटत नाही. उलट त्याचे कौतुक होते.

हे वाचताना मला नायजेरियापेक्षा आपले तहसील कार्यालय जास्त आठवले. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपली आहे. जो माणूस लग्नात उसने घेतलेले भांडे मोजून परत करतो, तोच सरकारी नळाला मोटार लावतो. जो मशिदीच्या चंद्याची पावती जपून ठेवतो, तो महापालिकेचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहत नाही. चंदा आपला असतो ना! घरपट्टीही आपलीच असते, पण तसे वाटत नाही.

दाखला देणारा बाबू वाईट असतो म्हणून लाच होते, हे अर्धेच खरे आहे. तीन गोष्टी जमल्या की लाच होतेच : सेवा कमी आणि मागणारे जास्त, सही करायची की नाही हे एकाच माणसाच्या मर्जीवर, आणि त्याने काय केले ते कुणाला दिसत नाही. या तिघांच्या मध्ये एजंट उभा राहतो. एजंटाला नावे ठेवू नका, तो या पद्धतीचा सर्वांत जुना नोकर आहे. पूर्वी तो इजारदार होता.

चांगल्या हेतूची योजनाही यात कशी अडकते त्याचे उदाहरण घ्या. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकाराची सुटका व्हावी हा उद्देश होता, आणि तो खरा होता. पण बाजारभाव चढला की कापूस सीमा ओलांडून मध्य प्रदेशात, आंध्रात जायचा. भाव पडला की बाहेरचा कापूस इकडे फेडरेशनच्या केंद्रावर यायचा. बैलबंड्या घेऊन कास्तकार रांगेत, प्रत ठरवणारा ग्रेडर एकटा, आणि चुकारे महिनोन्‌महिने बाकी. तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर एकाधिकार मोडीत निघाला. व्यापाऱ्याची मर्जी जाऊन ग्रेडरची मर्जी आली. कास्तकाराच्या हाती हिशेब दोन्ही वेळा नव्हता.

सिंचनाचेही असेच आहे. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी होता, पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. धरण भंडाऱ्याकडचे, पण पैसा सगळ्यांचा. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून वाद पेटला. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्चूनही ओलिताचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे त्यावरून काढले गेले. सरकारने श्वेतपत्रिका काढून ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. कोणता आकडा बरोबर, यावर वाद घालता येईल. पण ज्या राज्यात किती जमीन भिजली एवढेच नेमके ठरत नाही, तिथे पैसा कुठे मुरला हे कसे ठरणार? आणि इकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी अजूनही खारट आहे. तिथे तहान हिंदूला लागते आणि मुसलमानालाही लागते.

आता आपल्या घराकडे येऊ. वक्फच्या मालमत्तेवर बाहेरच्यांची अतिक्रमणे आहेत हे आपण जोरात सांगतो, आणि ते खरे आहे. पण वर्षानुवर्षे नाममात्र भाड्यावर दुकाने अडवून बसलेले, ट्रस्टच्या बैठकीचा कागद कुणाला न दाखवणारे आपलेच लोक नाहीत का? एके म्हणतात तो पहिल्या जगातला प्रामाणिकपणाही आता झिजतो आहे. निवडणुकीत उमेदवार ‘अनामत’ भरतो. हा शब्द मुळात ‘अमानत’ आहे, मराठीत येताना अक्षरे उलटली. अमानत म्हणजे दुसऱ्याचे, विश्वासाने आपल्याकडे ठेवलेले. सत्ता, पद, ट्रस्टचे पैसे, शाळेचे अनुदान, या सगळ्याला आपल्या परंपरेने हाच शब्द लावला आहे. शब्द आपल्याकडे आहे, वहिवाट नाही.

भ्रष्टाचारातून संघर्ष

नियमाने काम होत नसेल तर ओळखीने करावे लागते. ओळख कुठे असते? नात्यात, जातीत, मोहल्ल्यात, धर्मात. म्हणजे जे सरकार सगळ्यांना सारखे देत नाही, ते लोकांना गटांत बांधते. मग प्रत्येक गटाला वाटते की दुसरा आपला वाटा खातो आहे. इंग्रजांनी या गटांवर शिक्का मारला. जनगणनेत धर्म आणि जातींची खानेसुमारी झाली, १९०९ मध्ये विभक्त मतदारसंघ आले. पण शिक्का मारलेली भांडी आपण नंतरही वापरतच राहिलो.

जगात काय झाले ते पाहा. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला, १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव झाले आणि १९६७ ते १९७० यादवी. काँगोत बेल्जियमच्या राजाने रबरासाठी राज्य उभारले होते, आपल्याकडे कापसासाठी रेल्वे होती तसे, फक्त त्याहून कितीतरी क्रूर. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पाच वर्षांत मोबुटू आला आणि १९९७ पर्यंत देश स्वतःच्या खिशासारखा वापरत राहिला. जे म्हणतात की भांडणे धर्मामुळे होतात, त्यांना पाकिस्तान दाखवा. धर्म एक होता, तरी १९७१ मध्ये देश फुटला, कारण पूर्वेकडच्या बंगाल्यांना मान आणि वाटा मिळाला नाही. सुदानमध्ये २०११ ला दक्षिण वेगळी झाली, तेव्हा म्हणत होते की मुसलमान आणि ख्रिस्ती यांचे जमत नाही. २०२३ पासून तिथे दोन सशस्त्र दले लढत आहेत, दोन्हींचे सेनापती मुसलमान.

आणि आता आपले शहर. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत काय झाले ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा, त्यात दुकानांवर दगडफेक, दुसऱ्या दिवशी बंद, पुन्हा जमाव, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. एप्रिल २०२२ मध्ये अचलपुरात झेंड्यावरून वाद. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा, त्यात एका माणसाचा जीव गेला. कोण दोषी हे न्यायालयाने ठरवायचे आहे. मी फक्त एवढे विचारतो : त्रिपुरात कुणावर अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई अमरावतीच्या चहावाल्याने का द्यायची? आपल्या मोर्चातून एक जरी दगड गेला असेल तर तो आपला मुद्दा घेऊन गेला. आणि दुसऱ्या दिवशी ज्यांची दुकाने फुटली, त्यांनी आदल्या दिवशी कुणाचे काय केले होते?

सरकार कुठे होते? संचारबंदी लावायला आले. म्हणजे पुन्हा तेच, हुकूम देताना बळकट. त्याआधी अफवा खरी की खोटी हे विचारायला मोहल्ल्यात कुणाकडे फोन करायचा, हे कुणाला माहीत नव्हते. सणाच्या आधी शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, तीच तीच नावे असतात.

याला पर्याय महाराष्ट्रातच झाला आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान दोघेही, पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त. त्या नियमित बसत, आणि बोलायच्या नळ, गटार, शेजाऱ्याची कुरबुर यांवर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. त्या समित्या प्रेमाच्या भाषणांवर उभ्या नव्हत्या. रोजच्या कामातून माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, म्हणून अफवा चालली नाही.

मग काय करायचे

आफ्रिकेतला एक देश वेगळा निघाला, बोट्स्वाना. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांत होता. लगेच हिरे सापडले, आणि तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. त्यांनी खनिजाचा हक्क जमातीकडे न ठेवता देशाकडे दिला. तिथे ‘गोट्ला’ नावाची जुनी गावसभा आहे, तिथे प्रमुखाला लोकांसमोर बसून ऐकून घ्यावे लागते. ती प्रथा त्यांनी मोडली नाही. तिथेही दोष आहेत, एकच पक्ष २०२४ पर्यंत सत्तेत होता. पण हरल्यावर त्याने शांतपणे खुर्ची सोडली. वारसा वाईट असला तरी पुढचे सगळे ठरलेले नसते, एवढे यातून कळते.

आपल्या शहरांकडे पाहा. अमरावती आणि अकोला महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासक सर्वसाधारण सभाही तोच होता, स्थायी समितीही तोच. अंदाजपत्रक तोच मांडत होता आणि तोच मंजूर करत होता. ब्रिटिशांचा डेप्युटी कमिशनर यापेक्षा वेगळा काय होता? आणि या काळात आपण, दोन्ही शहरांतल्या लाखो लोकांनी, किती वेळा विचारले की आमचा नगरसेवक कुठे आहे? झेंड्यासाठी, एखाद्या पोस्टसाठी हजारोंचा जमाव निघतो. मतदानाचा हक्क वर्षानुवर्षे लांबला, त्यासाठी रस्त्यावर किती जण आले?

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत.

पहिली : आपापल्या प्रभागाचे अंदाजपत्रक वाचा. रस्ता, गटार, दवाखाना, उर्दू शाळेची दुरुस्ती यांवर किती तरतूद, किती खर्च. मिळाले नाही तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे नेमके विचारायला शिका. उत्तर आले नाही तर अपील, आणि राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ इथे अमरावतीतच आहे.

दुसरी : दाखल्यासाठी एजंटाला पैसे देण्याआधी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. कोणती सेवा किती दिवसांत, हे अधिसूचित आहे. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मोहल्ल्यात दोन मुले आणि दोन मुली हे शिकल्या तर एका रेशनकार्डासाठी पाच चकरा मारणाऱ्या विधवेचे काम होईल. हे काम सावकाश चालते आणि त्याचा व्हिडिओ व्हायरल होत नाही.

तिसरी : हिशेब आधी घरात मागा. मशिदीचा ट्रस्ट, शाळेची संस्था, जमातीचा फंड यांचा वार्षिक जमाखर्च फलकावर लावा. हे मागितले की घरातले वडीलधारे नाराज होतील, ‘कालची पोरे’ म्हणतील. अदब सोडू नका, मागणीही सोडू नका. जो तरुण आपल्या मुतवल्लीला प्रश्न विचारू शकत नाही, तो आयुक्ताला काय विचारणार?

चौथी, आणि ही सर्वांत अवघड : एकट्याने जाऊ नका, आणि फक्त आपल्यांनाच घेऊन जाऊ नका. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीतही तेच गटार तुंबते. खारपाणपट्ट्यातल्या गावाला तेच पाणी प्यावे लागते. बौद्ध वस्तीतल्या पोराला त्याच दाखल्यासाठी तीच रांग आहे. अर्जावर चार वेगवेगळ्या वस्त्यांच्या सह्या असल्या की त्याला ‘त्यांचा प्रश्न’ म्हणता येत नाही. आणि उद्या एखादी अफवा उठली, तर फोन करायला त्या सह्यांमधला एखादा नंबर तुमच्याकडे असेल.

कुणी विचारेल, वर द्वेषाचे राजकारण चालू असताना हे अर्ज-विनंत्या काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. आपल्यावर संशय घेतला जातो, आपल्या वस्तीत कर्ज आणि घर मिळायला त्रास होतो, २००६ च्या सच्चर समितीने हे मागासलेपण आकड्यांत मांडले आहे. त्याविरुद्ध न्यायालयात, सभागृहात, लेखणीने लढावेच लागेल. पण ज्याच्या हातात हिशेबाचा कागद आहे त्याला उडवून लावणे कठीण असते. ज्याच्या हातात फक्त घोषणा आहे त्याला पकडणे सोपे असते.

मायबाप म्हटले की आपण लेकरे होतो. लेकरू रडते, हट्ट करते, रुसते, पण हिशेब मागत नाही. परके म्हटले की आपण पाहुणे होतो, आणि पाहुणा घर झाडत नाही. १८५३ पासून आजवर वऱ्हाडात सरकारे अनेक आली. त्यांपैकी एकालाही आपण घरचे समजून जाब विचारायची सवय लावून घेतली नाही. ती सवय तुमच्या पिढीने लावावी. या आठवड्यात आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी एक अर्ज करा, आणि पुढच्या बैठकीला त्याची पोच घेऊन या. आपण तिथून पुढे बोलू.